इंटरनेटवर पालथी झालेली बोट

२०१७ साल. मला तेव्हा एकोणसत्तरावं लागलं होतं आणि ब्रश धरलेला माझा हात अजून थरथरत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तिथे एकही वस्तू जागेवर राहत नाही. फोटो फिरतात, अक्षरं फुटतात, काल लावलेला रंग आज नसतो, आणि माणूस चरफडत खुर्चीवरून उठतो.

यंदा परत बोटी वर आल्यात, म्हणून ते सगळं आठवतंय. धाकटी डहाणूच्या खाडीत पावसाळ्याची बंदी लागली की बोटी चिखलातून ओढून काठाला घेतात, बाजूंना ओंडक्यांचे टेकू देतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना खरवडायचं, भेगा बुजवायच्या, रंगवायचं. त्या दिवसांचा एक वास असतो. भरती उतरल्यावरचा चिखल, ओलं लाकूड, टर्पेंटाइन, आणि मधूनच कुणाच्या तरी घरातून चुलीवर भाजलेल्या सुक्या बोंबलाची झुळूक. भूक खवळते. माझं आयुष्य या वासात गेलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी पुढे ढकलली म्हणून. पण अक्षर माझ्या हातात होतं. मी बोटींवर नावं लिहितो. खाडीवर मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, पेंटर म्हणतात, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. कोरड्या जमिनीवर उभं राहून नाव सगळेच लिहितात. भरती चढत असताना, घोट्याएवढ्या पाण्यात फळीवर उभं राहून, बाकदार लाकडावर सरळ दिसेल असं नाव लिहून दाखवा म्हणावं.

त्या वर्षी हरेश तांडेलने नवी बोट बांधली. हरेश माझ्या जुन्या दोस्ताचा मुलगा. दोस्त आजारपणात गेला, त्याची बोट मोडीत निघाली, आणि नव्या बोटीला हरेशने तेच नाव ठेवायचं ठरवलं, महालक्ष्मी प्रसाद. जुन्या बोटीवर ते मीच लिहिलं होतं आणि दर पावसाळ्यात मीच पुन्हा भरत होतो. तेव्हा नव्यावर कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता. मी डबे घेऊन गेलो तर हरेश मान खाजवत उभा.

"काका, रेडियम लावायचा विचार आहे."

"ते काय?"

"स्टिकर हो. कॉम्प्युटरवर कापून देतात. चिकटवलं की झालं. बॅटरी मारली की चमकतं."

"म्हणजे नवरीला कुंकवाच्या जागी टिकली."

"हल्ली टिकलीच लावतात, काका."

पण पोरगा वाईट नाही. तोच म्हणाला, "माझा भागीदार उंबरगावचा. त्याने तुमचं काम बघितलेलं नाही. तुमची सगळी कामं मोबाइलवर एका जागी दिसतील असं काहीतरी करा ने. तो बघेल, आई बघेल. पौर्णिमेला अजून अवकाश आहे."

आई म्हणजे जमनावहिनी. बोट हरेशच्या नावावर, पण शब्द वहिनीचा. आणि मला पक्कं ठाऊक होतं, हरेशच्या बोटीवर स्टिकर लागलं की पुढच्या वर्षी सगळ्या खाडीवर स्टिकर. त्याचं बघूनच बाकीचे करतात. म्हणजे एका बोटीचं नाव नव्हतं ते. माझा पावसाळाच होता.

माझी सून वैशाली तलासरीकडच्या शाळेत शिकवते. रोज एसटीने जाते-येते. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, ग्रुपवर टाकलेले फोटो दुपारपर्यंत गुड मॉर्निंगखाली गाडले जातात. आपण ब्लॉग करू. तो राहतो."

राहतो! या एका शब्दावर मी भुललो.

आता जे नवीन करणार असतील त्यांच्यासाठी सांगतो, मी फुकटचा तज्ज्ञ झालोय. पहिली गोष्ट, ब्लॉग उघडताना घरातल्या कोणाचाही जुना मोबाइल नंबर देऊ नका. आम्ही माझ्या मुलाचा दिला. महिन्याभरात त्याने स्वस्तातलं नवीन सिम घेतलं, जुनं कुठे टाकलं देवाला माहीत. मग एके दिवशी ब्लॉग म्हणतो, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, नंबरावर कोड पाठवलाय. कोड गेला मेलेल्या नंबरावर. मी स्क्रीनसमोर बसून म्हणालो, अरे मी पेंटर, सगळी खाडी ओळखते मला. त्याला काय त्याचं! वैशालीने चार दिवस कुठे कुठे अर्ज केल्यासारखं केलं तेव्हा दार उघडलं.

दुसरं, बाजारातल्या टायपिंगच्या दुकानातून मजकूर करून आणू नका. मी आणला. माझी ओळख, चार ओळी, दुकानातल्या स्क्रीनवर सुंदर मराठी दिसत होती. घरी आणून ब्लॉगवर चिकटवली तर नुसते इंग्रजी तुकडे, कंस आणि टिंबं. जणू कोणी अक्षरांवर पाय देऊन गेलं.

"त्यांचा फॉन्ट वेगळा असतो बाबा. तो ज्याच्याकडे आहे त्यालाच ते मराठी दिसतं. आपण युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचं."

"म्हणजे माझ्या बोटीचं नाव वाचायला माणसाने आधी माझ्याकडून डोळे विकत घ्यायचे?"

"तसंच काहीसं," म्हणाली आणि हसली. ती हसली की माझा राग वाढतो.

मग पुन्हा टाइप केलं. माझं एक बोट, तिची दहा. तिच्या मोबाइलवर चांगलं दिसलं, शेजारच्यांच्या जुन्या मोबाइलवर जोडाक्षरं सुटी पडली, पाय मोडलेल्या खुर्च्यांसारखी ओळीत उभी.

रंगाचं तर विचारूच नका. बोटीवर मी पिवळ्यावर तांबडं लिहितो, त्याला निळी सावली देतो. लांबून, धुक्यातून, हलत्या पाण्यावर वाचता आलं पाहिजे. तेच मी ब्लॉगला मागितलं. पिवळी जमीन, तांबडी अक्षरं. वैशालीने करून दाखवलं आणि दोघांनाही डोळे मिटावे लागले. बोटीवरचा पिवळा उन्हात उभा असतो, हा पिवळा उलट आपल्याच डोळ्यात बॅटरी मारतो. हे मला कबूल करायला दोन दिवस लागले. पांढऱ्यावर काळं ठेवलं. मग मला वर हलणारं घड्याळ हवं होतं, पान उघडलं की सनई वाजायला हवी होती, कडेने फुलं पडायला हवी होती, आणि किती जण आले ते मोजणारा आकडाही. "सनई नाही," वैशाली म्हणाली, "माणूस ऑफिसात उघडेल आणि घाबरून बंद करेल." घड्याळ आणि फुलं लावली, तर पान उघडेपर्यंत चहा होऊन निवायचा. ती पण काढली. आकडा ठेवला. तो रोज वाढायचा. आनंदाने मी दिवसातून कितीदा तरी बघायचो, आणि मग कळलं की तो माझं बघणंच मोजतोय.

एकदा तिने शाळेत मधल्या सुट्टीत पानाची रचना बदलायला घेतली. तलासरीला मोबाइल कधी आपला टॉवर धरतो, कधी पलीकडचा गुजरातचा. हद्द माणसांना दिसत नाही, मोबाइलला बरोबर दिसते. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर ब्लॉगची सगळी बटणं गुजरातीत. मला गुजराती वाचता येतं, घोलवडच्या कितीतरी नर्सऱ्यांच्या पाट्या मी दोन्ही लिपीत लिहिल्यात. पण "जतन करा" कुठलं आणि "काढून टाका" कुठलं, हे घाईत मी चुकलो. कडेला आम्ही लावलेलं सगळं गेलं. बोटींच्या नावांची यादी, माझा फोटो, सगळं. नवीन रचना लावायच्या आधी जुनीची प्रत काढून ठेवतात म्हणे. हे मी करून बसल्यावर ती सांगते.

"बाबा, मी आधी सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही सनईवरून रुसला होतात तेव्हा."

पावसाने जोर धरला होता. बोटींवर निळी प्लास्टिकं बांधलेली, त्यांच्यावर पाणी ताशासारखं वाजायचं. त्यांच्याखाली बसून पोरं जाळी विणायची आणि मला चिडवायची. "पेंटरकाका, ब्लॉग सुकला का?" "दुसरा हात मारलात का ब्लॉगला?" मी म्हणायचो, अरे तुमच्या जाळ्याला भोकं पडली तर दिसतात तरी, माझ्या जाळ्याचं भोक कुठे आहे तेच कळत नाही. ते हसायचे. मी पण हसायचो, आणि घरी येऊन परत त्या पानासमोर बसायचो. हट्ट आहे माझ्यात. बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्हाला समुद्राने सांगितलं तरी तुम्ही मागे सरायचे नाही.

मग एके दिवशी पहिली प्रतिक्रिया आली. इंग्रजीत. वैशाली शाळेत होती, म्हणून मी ती मोबाइलवर घेऊन खाडीभर फिरलो. कुणी परदेशी माणसाने माझी अक्षरं बघून लिहिलंय, असं सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी तिने वाचली. पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात होती. प्रतिक्रिया आधी आपण तपासून मगच दिसतील असं एक बटण असतं. ते पहिल्याच दिवशी दाबून ठेवा. गोळ्यांवरून मला अजून चिडवतात.

पण ही सगळी किरकोळ दुखणी. खरं झालं ते पुढे.

ब्लॉग एकदाचा उभा राहिला. सगळ्यात वर मी जुन्या महालक्ष्मी प्रसादचा फोटो लावला. बोट मोडायच्या आदल्या मोसमात मीच काढलेला. फळीवर उभा राहून, एका हाताने दोरी धरून, दुसऱ्या हाताने मोबाइल. माझा अंगठा ब्रशने ताठलेला, नेहमीसारखा धरला तर हाताचं बोट कॅमेऱ्यासमोर येतं, म्हणून मी मोबाइल उलटा धरून फोटो काढतो. मोबाइलमध्ये तो सरळच दिसतो. वैशालीच्या लॅपटॉपवरही सरळ दिसला. हरेशला पत्ता पाठवला आणि मी वाट बघत बसलो.

हरेश आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच गेलो तर त्याने नजर चुकवली. जाळ्याला गाठ मारत म्हणाला, "काका, आईला बघवलं नाही. तुम्ही आता राहू द्या. मी स्टिकरचं सांगतो."

"बघवलं नाही म्हणजे? माझं अक्षर?"

"अक्षर नाही हो. बोट." त्याने आपला मोबाइल माझ्यासमोर धरला.

महालक्ष्मी प्रसाद पालथी पडली होती. तळ वर, नाव खाली, डोक्यावर उभं. आणि आकाशाच्या जागी चिखल.

कोळ्याच्या घरात ताट पालथं ठेवत नाहीत, होडी कशी बघतील! आणि जमनावहिनीचा सख्खा भाऊ पालथ्या होडीखाली गेलेला. मी लहान होतो, तो दिवस मला आठवतो, किनाऱ्यावर उभ्या बायका आठवतात. त्या बाईला मी तिच्या नवऱ्याची बोट पालथी करून दाखवली होती. सगळ्या जगाला दाखवली होती.

घरी आलो आणि वैशालीवर ओरडलो. ती पण ओरडली. मग तिने शांतपणे सांगितलं, की मोबाइल फोटोच्या पोटात एक खूण ठेवतो, हा उलटा काढलाय, दाखवताना सरळ करा. काही यंत्रं ती खूण वाचतात, काही वाचत नाहीत. म्हणून टाकायच्या आधी फोटो एकदा फिरवून जतन करायचा, आणि आपलं पान नेहमी दुसऱ्याच्या मोबाइलवर, जुन्यातल्या जुन्या मोबाइलवर बघायचं. "माझीच चूक," ती म्हणाली, "मी माझ्याच लॅपटॉपवर बघितलं." ती असं म्हणाली की भांडायला काही उरत नाही.

रविवारी सकाळी वहिनीचा निरोप आला. पेंटरने सुनेला घेऊन यावं. माझ्या डोळ्यांदेखत बोट सुलटी करावी.

गेलो. वहिनी ओटीवर बसलेली, मांडीत नारळ, बाजूला हळदकुंकवाची वाटी. हरेश खांबाला टेकून. वहिनी माझ्याशी बोलेना. वैशालीला म्हणाली, "बाय, तू शिकलेली. तू कर. हा बघत बसूदे."

वैशालीने घरीच फोटो नीट करून टाकला होता. तिने हरेशच्या मोबाइलवर ब्लॉग उघडला. बोट पालथीच.

"झाली का?" वहिनी.

"नाही मावशी, मोबाइलने जुनंच धरून ठेवलंय. जुनं विसरायला लावते."

"माणसाला नाही विसरता येत, त्याला कसं येणार?"

वैशालीने काहीतरी पुसलं, परत उघडलं. नेट गेलं. पांढरं पान, मधोमध एक गोल फिरत राहिला. आम्ही चौघं त्या गोलाकडे बघत बसलो. बाहेर पागोळ्या. हरेश मोबाइल घेऊन अंगणात, मग शेजाऱ्यांच्या पायरीवर, मग तुळशीजवळ. "इथे येतंय! इथे येतंय!" सगळे तुळशीजवळ. वहिनी नारळ घेऊन उठली, गुडघे धरत चिखलातून आली. पान वरून हळूहळू उतरू लागलं. आधी माझं नाव, मग काळी ओळ, मग फोटो, वरून खाली, एकेक पट्टी. आकाश आलं. म्हणजे वर आकाश होतं! मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मग तांबडी अक्षरं, मग तळाशी चिखल, त्याच्या जागेवर.

वहिनीने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ. मग मोबाइलवर हळदकुंकू लावलं. हरेश "आई, स्क्रीन!" म्हणेपर्यंत बोटाने लावून मोकळी. तुळशीसमोरच्या दगडावर नारळ फोडला आणि पाणी मोबाइलभोवती ओवाळून टाकलं. कुणी हसलं नाही. आज लिहिताना मला हसू येतं.

"आता माझा माणूस दिसला," ती म्हणाली. मला तेव्हा कळलं, नाळेजवळच्या सावलीत माझा दोस्त उभा होता, पाठमोरा, दोरी गुंडाळत. फोटो मी काढला, मी लावला, इतके दिवस मी बघत होतो. मला फक्त अक्षरं दिसली होती.

मग ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "पेंटर, नवीन बोटीला नाव तूच लिही."

हरेश म्हणाला, "आई, उंबरगावला स्टिकर सांगून झालंय."

"तर तुझ्या भागीदाराच्या गाडीला लाव."

मी छाती फुगवणार तेवढ्यात तिचं बोट वर आलं. "पण एक. त्या नावाचा फोटो काढायचा नाही. या तुझ्या ब्लॉगात माझी नवी बोट जायची नाही. आज सुलटी झाली. उद्या कुणाच्या मोबाइलात पालथी होईल, मी काय दारोदार नारळ घेऊन फिरू?"

"वहिनी, आता नाही होणार. आता आम्हाला कळलंय. हे सगळं केलं कशासाठी? त्या नावासाठीच ना? तेच तिथे नसलं तर…"

"लिहायचं तर लिही. नाहीतर स्टिकर लाव रे हरेश."

वैशालीने माझ्या कोपराला हात लावला. मी मान हलवली. परत येताना मात्र वाटभर बडबडलो. सबंध पावसाळा त्या ब्लॉगवर घातला. नंबर, फॉन्ट, रंग, गोळ्या. आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं नाव लिहायची वेळ आली तर ते तिथे लावायचं नाही! वैशाली म्हणाली, "बाबा, काम मिळालं ना." मिळालं. माहीत आहे मला. तरी.

ब्लॉग अजून आहे. खाडीवरच्या बाकी बोटी आहेत त्यात, सगळ्या सुलट्या. यंदा काही बोटींवर स्टिकर आलेत, काहींवर माझं अक्षर आहे. लांबून कोण कोण विचारतात, तुमचं सगळ्यात चांगलं काम कुठलं, दाखवा. मी म्हणतो, डहाणूला या. त्यांना वाटतं, म्हातारा भाव खातोय.

त्या रविवारनंतरच्या सकाळी मोबाइल मी वैशालीच्या शाळेच्या पिशवीत टाकला, तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत देऊ नकोस. ओहोटीला खाडीवर गेलो. हरेशने फळी बांधून ठेवली होती. बोटीच्या अंगावर खडूची दोरी ताणली, मध्य काढला, आणि हात ताजा होता म्हणून "म" सोडून आधी सगळ्यात अवघड "क्ष्मी" लिहायला घेतलं.